पितरांच्या दिवशी पोळा

पुण्यात मला पहिला धक्का बसला तो ‘अहो’चा.

मी पूर्व विदर्भातला, जंगलाच्या कडेच्या गावचा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. आमच्याकडे लहानपणापासून ‘काय बे’ आणि ‘इकडे ये बे’ ऐकत मोठा झालो. मास्तर, सरपंच, बाप, सगळ्यांचा सूर एकच. त्यात अपमान कोणाला वाटत नाही, मलाही वाटला नाही. पुढे एका कंत्राटदाराबरोबर वाघोलीला आलो, गोदामात माल चढव-उतर केली, गोदाम बंद पडलं. मग खोलीशेजारच्या आयाबाईंनी, त्या दवाखान्यात कामाला होत्या, सदाशिव पेठेतल्या एका जिन्यावर मला नेऊन उभं केलं. एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ होते, त्यांना दिवसभर सोबतीला माणूस पाहिजे होता. दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “अहो, चपला बाहेर. तुम्ही आत.”

मी मागे वळून पाहिलं. हे कोणाशी बोलताहेत? मागे कोणी नव्हतं.

त्यांना मी काका म्हणतो. त्यांनी आजतागायत मला ‘तू’ म्हटलेलं नाही. रागावले तरी ‘तुम्ही मूर्ख आहात’ असंच रागावतात. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस थट्टा करतोय, एक दिवस अचानक हाकलून देईल. मला तशी भीती वाटतच असते. बस उशिरा आली तरी वाटते, वेळेवर आली तरी वाटते, की चुकीची असेल.

डॉक्टरांनी काकांना रोज चालायला सांगितलं होतं. पहिले काही दिवस आम्ही बागेत गेलो. मग एका सकाळी ते बागेच्या फाटकातूनच परत फिरले. “इथे तेच म्हातारे रोज आपापले गुडघे सांगतात,” म्हणाले. “माझे गुडघे मला पुरेसे आहेत.” तिथून आमची ती पद्धत सुरू झाली. स्टॉपवर उभं राहायचं. जी बस रिकामी येईल तिच्यात बसायचं. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, उतरायचं आणि परतीच्या दिशेनं जमेल तेवढं चालायचं. दमलो की पुन्हा बस. मोबाइलमध्ये नकाशा बघायचा नाही, माणसांना विचारायचं. चहा दिसला तर प्यायचा. आणि वाटेतल्या पाट्या मी मोठ्यानं वाचायच्या.

“मला नीट येत नाही वाचता, काका.”

“म्हणूनच वाचा. मला येतं, मी वाचून काय उपयोग?”

अशी मला अक्षरं परत आली. हे जे लिहितोय तेही त्यामुळेच. त्यांचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही. ते म्हणतात, उपकार वगैरे शब्द पाटीवर कुठे दिसला नाही, तुम्ही कुठे वाचलात?

मी सोबत एक पिशवी घेतो. पाणी, गोळ्या, बिस्किटं, छत्री, टॉवेल. एकदा त्यांच्या कमरेचा एक्स-रेही घेतला होता, म्हटलं वाटेत काही झालं तर. त्यांनी तो बसमध्ये बाहेर काढला, उजेडाला धरला. “हा कोणाला दाखवायचाय? कंडक्टरला?” शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. मी पिशवी हलकी केली, पण काळजी हलकी झाली नाही.

मागच्या पावसाळ्यात मला दुसरीच काळजी लागली होती, बैलांची.

आमच्याकडे पोळा श्रावणाच्या अमावास्येला असतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हे ज्यानं म्हणायचं त्यानंच दुसऱ्या दिवशी त्यांना जेवू घालायचं. आमच्या घरी ते बाबाच म्हणत. त्याच्या आदल्या वर्षी बाबा गेले. म्हणजे या खेपेला ते मी म्हणायला हवं होतं. पण पोळ्याच्या आधी काका न्हाणीघरात घसरले, दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांची मुलगी परदेशात. मी नाही तर कोण? मी राहिलो. त्याचं मला वाईट वाटलं नाही, पण पोळ्याच्या रात्री दवाखान्याच्या कठड्याशी उभं राहून मायला फोन केला तेव्हा आधी बैलांचंच विचारलं.

“बैल जेवले काय?”

“जेवले न. दोघंबी जेवले. तू नाही म्हनून बैल उपाशी राहते काय?”

मग ती मुद्द्यावर आली.  ती म्हणाली, “जावई जोडी मांगून राहिला. आपलं वावर तं आता ट्रॅक्टरच वाहते. मले एकटीले होत नाही बापा. तू येत असशील तं ठेवतो, नाही तं देऊन टाकतो. पितराच्या अमावशेपर्यंत सांग.”

जावई म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही. पण जोडीतला एक बैल तरणा, एक म्हातारा. तरण्याला तो जुंपेल. म्हाताऱ्याला एक हंगाम ठेवील आणि मग बाजार दाखवील. बाजारात म्हाताऱ्या बैलाला कोण घेतं आणि कशाला घेतं, ते मायलाही ठाऊक, मलाही. ती मला तेच विचारत होती, फक्त शब्द दुसरे होते.

‘ठेव’ म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. वावर ट्रॅक्टरनं होतं. मी परत जाणार नव्हतो. म्हातारा बैल काम करत नाही, नुसता खातो. शहाण्या माणसानं ‘देऊन टाक’ म्हणावं, एवढंच ते होतं. मी मात्र महिनाभर काहीच म्हणालो नाही. मायचा फोन आला की पावसाचं विचारायचो, शेजारच्या म्हशीचं विचारायचो.

असं करता करता सर्वपित्री अमावास्या आली, शेवटचा दिवस.

सकाळी काकांनी गच्चीवर गेलेल्या काकूंसाठी पान वाढलं. खीर, वडे, अळूची भाजी. कावळा येईना. पेठेतल्या सगळ्या गच्च्यांवर त्या दिवशी पानं, कावळे पुरणार कसे? काका भिंतीला टेकून उभे राहिले. “येईल. तिला कुठेही वेळेवर पोचायची सवय नव्हती.” बऱ्याच वेळानं एक कावळा आला, वडा उचलून गेला. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “चला. बस.”

“आज? काका, अमावास्या आहे. त्यात पितरांची. आमच्याकडे आज कोणी वेशीबाहेर जात नाही.”

“आमच्याकडे वेस राहिलेली नाही. चला.”

पहिली रिकामी बस धायरीची आली. सिंहगड रस्त्याला गर्दी होती, बस रांगत होती. मी खिडकीशी बसून मायला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. देऊन टाक. एवढे दोनच शब्द. शेवटच्या स्टॉपवर उतरलो, चहा प्यायलो आणि काकांनी काठीनं जुन्या गावाकडची गल्ली दाखवली. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मध्ये एखादं कौलारू घर. मी पाट्या वाचत होतो. ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल.’ ‘फ्लॅट विकणे नाही, चौकशी करू नये.’ काका खूश होते.

आणि घुंगरांचा आवाज आला.

मला वाटलं कोणाचं लग्न. पण पितृपक्षात लग्न कसलं? मग कोपऱ्यावरून शिंगं आली, नुसती शिंगं आधी. हिंगूळ लावलेली, वर बेगड, टोकाला गोंडे. मग कपाळ, कपाळावर बाशिंग. मग अख्खे बैल, पांढरेशुभ्र, अंगावर आरशांची झूल. मागे ताशा, त्यामागे पोरं, गुलाल.

 खरं सांगतो, मी घाबरलो. पोळा होऊन महिना झालेला. आज पितरांचा दिवस. बैल सजवून समोरून येताहेत, आणि मी महिनाभर बैलांचाच विचार करतोय. मला वाटलं, हे बाबा आहेत. जाब विचारायला आले.  मी बाजूला जे हाताला लागलं ते घट्ट धरलं.

“तो माझा हात आहे,” काका म्हणाले. “मोडेल.”

“काका, तुम्हाला दिसतात का?”

“काय?”

“बैल.”

“अहो, मला मोतीबिंदू आहे. आंधळा नाही मी.”

एवढं ऐकून मला थोडा श्वास आला. शेजारी एक आजीबाई ताट घेऊन उभ्या होत्या, ताटात पुरणपोळी, निरांजन, हळदकुंकू. मी त्यांना विचारलं, “आजी, आज काय आहे?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं होतं. “काय हाय म्हंजे? पोळा हाय की! भादवी पोळा.”

“पोळा तर झाला. श्रावणात.”

“श्रावणात?” आता धक्का त्यांना बसला. त्यांनी मागे वळून हाक मारली, “आरं ए, ऐकलं का, हे पावनं म्हन्त्यात पोळा श्रावणात आस्तो!” बैलांच्या दोऱ्या धरलेला माणूस, त्यांचा मुलगाच तो, पांढरा सदरा, टोपी, हसायला लागला. “श्रावणात बैलाला सवड कुठली? कुनीकडचं म्हनायचं तुमी?”

मी गाव सांगितलं. ते त्यांना कळलं नाही, जिल्हाही कळला नाही, पण “लय लांबनं आला की” एवढं म्हणून त्यांनी ते मिटवलं. “आमचा पोळा आजच. आज्या-पंज्यापासनं. चला जेवायला.”

मी काकांकडे पाहिलं. म्हटलं, यांना माहीत असणार, पुण्यातच जन्मले. काका तोंड थोडं उघडं ठेवून बैलांकडे बघत होते.  मग ते हळूच म्हणाले, “इथून एका तिकिटाच्या अंतरावर जन्म काढला मी. कोणी सांगितलं नाही.”

“तुमी इचारलं होतं का?” आजीबाई म्हणाल्या.

“नाही,” काका म्हणाले. पेठेतल्या माणसाला धायरीच्या आजीबाईंनी असं एका वाक्यात बसवलं.

त्यांचं घर म्हणजे एक सहा-सात मजली इमारत. खाली पार्किंग. आणि पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मध्ये, गोठा! खांबाला दावं, खाली गवत, खांबावर रंगानं लिहिलेलं, ‘राखीव’. मी ते दोनदा वाचलं. वरच्या फ्लॅटमधली माणसं लिफ्टनं खाली येत होती, हातात ताटं. एका मुलीच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं, हातात दुकानातून आणलेल्या पुरणपोळ्यांचा डबा. ती दोरी धरलेल्या माणसाला विचारत होती, “काका, यांना मैदा चालतो ना? की फक्त होल व्हीट?”

“त्यांना डब्बाबी चालतो. पन पोळीच द्या.”

 या घरच्यांनी सकाळी पितरांना वाढलेलं पान अजून इमारतीसमोर होतं आणि त्याच पुरणाची पोळी बैलांच्या तोंडात. आमच्याकडे कोणी असं केलं असतं तर गाव गोळा झालं असतं. मी भीत भीत आजीबाईंना तसं म्हटलं. पितरांच्या दिवशी असा गुलाल, ताशा, कसं काय?

त्या पोळीचा घास बैलाच्या जिभेवर ठेवत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, “आमच्यासाठी राबून गेलं ते पितर. राबून ऱ्हायलं ते बैल. येका दिशी जेवलं तर कुनाचं काय बिघाडतंय?”

बिघडत काहीच नव्हतं. पण माझ्या आत काहीतरी सरकलं. मी विचारलं, “हात लावू का?”

“लावा की. गरीब हाय.”

मी खांद्याला हात लावला. आमच्याकडे बैलाला भेटायचं म्हणजे तिथेच. जूं बसतं ती जागा. बाबांबरोबर दरवर्षी मळायचो, ती माझ्या बोटांना पाठ आहे. टणक घट्टा, केस गेलेले, कातडं चपलेच्या तळासारखं. माझा हात तोच शोधत गेला, आणि तिथे काही नव्हतं. मऊ. वासराच्या मानेसारखं मऊ. मी हात झटकन मागे घेतला. मग दुसऱ्या बैलाचा खांदा पाहिला. तोही तसाच.

“याला घट्टाच नाही,” मी म्हणालो.

“कशाचा आसंल? जूं माहीतच न्हाय त्येला.”

“नांगराला?”

“नांगरू काय, पार्किंग?” तो माणूस म्हणाला आणि भोवतालचे सगळे हसले. “जिमीन गेली बिल्डिंगीत.”

“मग शर्यतीला?”

“नको बाबा. आई न्हाय म्हन्ती.”

“मग बैल कशाला ठेवलेत?”

आता त्याला माझा प्रश्न कळेना. त्यानं काकांकडे पाहिलं, की या माणसाचं काही बरं आहे ना. “कशाला म्हंजे?” तो म्हणाला. “पोळ्याला नकोत का?”

मी तिथेच मोटारीच्या बॉनेटला टेकलो. काकांनी न विचारता पिशवीतून पाण्याची बाटली काढून मला दिली. ती पिशवी मी त्यांच्यासाठी वागवतो. पोळ्याला नकोत का! आमच्याकडे पोळा बैलांसाठी असतो, कारण वर्षभर ते राबतात. राबणं संपलं की पोळा संपला, असंच मी धरून चाललो होतो, आणि इथे राबणं कधीच संपलं होतं, पोळा चालू होता. मला हेही दिसत होतं की त्यांच्याकडे अख्खी इमारत आहे आणि माझ्या मायकडे कुडाचा गोठा. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. पण महिनाभर मी जे कारण शोधत होतो ते इथे कोणाला शोधावंसुद्धा लागलं नव्हतं.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. काकांनी कटाच्या आमटीची वाटी दोनदा पुढे केली. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा म्हणाले, “आमच्याकडे यात गूळ घालतात. चूक आहे ते.” सदाशिव पेठेतला माणूस हे बोलला! एवढे धक्के एका दिवसात मला झेपत नव्हते.

परत चालवलं नाही, बसमध्येच बसलो. बस सुटायची होती. मी फोन लावला.

“माय, बैल ठेव.”

“आं? आज काऊन सुचलं?”

“आज पोळा आहे.”

“आज?” माय फोनमध्ये एवढ्यानं ओरडली की पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं. “पितराच्या दिवशी? कोनत्या गावात गेला बापा तू? कोनी काही खाऊ तं नाही घातलं?”

“घातलं न. पुरणपोळी.” मी तिला सगळं सांगितलं. पार्किंग, लिफ्ट, मऊ खांदा. ती मधे मधे ‘अगं माय’ म्हणत होती.   ती नाही म्हणेल ही भीती होतीच.

“दोघं नाही होत मले,” ती शेवटी म्हणाली. “तरना नेऊ दे जावयाले. तो वाहते त्याले. बुढा मी ठेवतो.”

“जोडी मोडते न मग.”

“मोडते तं मोडते. तुहा बाप गेला तवा माही नाही मोडली? बुढ्याले काम नाही, मले बी काम नाही. बसू दोघं.”

 खिडकीबाहेर एक पोरगा गुलाल झटकत चालला होता. माय म्हणाली, “मंग आवतन देशील काय आता? मी गोठ्यातच हाओ. तुह्या पोळ्याचं आवतन बाकी आहे.”

“आज देऊ? उद्या तर घट बसतात.”

“बसू दे. पुरनाले घटाचं काय? तुह्या नावानं मी चारतो. थांब.”

फोनमध्ये सळसळ झाली. मग एक लांब, ओला श्वास. तो मी कुठेही ओळखला असता. मी फोन तोंडाजवळ घेतला, दुसऱ्या हातानं आडोसा केला, तरी आवाज मोठाच निघाला. “आज आवतण घ्या,” मी म्हणालो. “उद्या जेवायला या.”

 कंडक्टर तिकिटं देत आमच्यापर्यंत आला होता. त्यानं विचारलं, “कोणाला बोलावताय जेवायला?”

काकांनी दोन तिकिटं घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली. “त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना,” म्हणाले. “अहो, तुम्ही पुढे व्हा.”